‘रिक्विएम’ला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरीकर: आमच्या वृंदगान मंडळानं पाश्चात्त्य संगीतकार मोझार्टच्या रिक्विएममधला ‘लाक्रिमोसा’ हा भाग बसवायला घेतलाय. श्रोत्यांना द्यायच्या पत्रकात ‘शोकगीत’ असं लिहिलं होतं. काहींनी ‘विलापिका’ सुचवलं. दोन्ही शब्द मनाला पटत नाहीत. जाणकारांनी सांगावं.

वसईकर: ‘शोकगीत’ नकोच. शोकगीतात मागे राहिलेला माणूस आपलं दुःख सांगतो. रिक्विएममध्ये गाणारे गेलेल्यांसाठी देवाकडे काही मागतात. मृतांसाठीच्या लॅटिन मिस्साविधीचे (मिस्सा म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना) पहिले शब्दच ‘रेक्विएम एतेर्नाम दोना एइस, दोमिने’ असे आहेत. म्हणजे, प्रभो, त्यांना चिरविश्रांती दे. त्यातला पहिला शब्द सबंध विधीचं नाव झाला आणि पुढे त्या विधीसाठी रचलेल्या संगीताचंही. आमच्या वसईत कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना मराठीत होऊ लागली, पण मागणं तेच राहिलं. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावून आम्ही तेच मागतो. गाण्याची जात म्हणाल तर मला पसायदान जवळचं वाटतं. तेही मागणंच, आणि त्याचंही नाव त्याच्याच ओळींतून आलेलं.

रत्नागिरीकर: पण ‘लाक्रिमोसा’ म्हणजे तर ‘अश्रूंनी भरलेला’. मग शोक आलाच की.

वसईकर: शोक आहे, पण त्या कडव्याचा शेवट बघा: ‘दोना एइस रेक्विएम’. रडता रडताही शेवटी विश्रांतीच मागितली आहे. तुमच्या गायकांना हे जरूर सांगा, त्या शेवटच्या ओळीचा सूर बदलेल. मोझार्ट १७९१ मध्ये गेला तेव्हा या भागाचे पहिले आठच बार (स्वरलिपीतले तालखंड) त्याच्या हातचे होते. उरलेला भाग त्याच्या सहवासातल्या झ्यूसमायरनं पुरा केला.

मालवणकर: आमच्याकडे मयताच्या घरी भजन ठेवतात. तसं ‘श्रद्धांजलीपर भजन’ म्हटलं तर लोकांना लगेच कळेल.

वसईकर: लगेच कळेल हे खरं, पण चुकीचं कळेल. श्रद्धांजली आपण गेलेल्या माणसाला वाहतो. इथे बोलणं देवाशी चाललंय, त्या माणसाच्या वतीनं. भजनातली सामूहिक हाक मात्र नक्कीच जवळची आहे.

वेंगुर्लेकर: देवाकडचं मागणं हा अर्थ मूळचा, मान्य. पण शब्द तिथेच थांबलेला नाही. जर्मन संगीतकार ब्राम्सनं आपल्या ‘जर्मन रिक्विएम’साठी लॅटिन संहिता घेतलीच नाही. लुथरच्या जर्मन बायबलमधली वचनं त्यानं स्वतः निवडली, आणि सुरुवात केली ती ‘शोक करणारे धन्य, कारण त्यांचं सांत्वन होईल’ या वचनानं. म्हणजे तिथे दिलासा जिवंतांना आहे. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटननं तर १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलसाठी ‘वॉर रिक्विएम’ रचताना लॅटिन प्रार्थनांच्या मधे विल्फ्रेड ओवेनच्या युद्धकविता गुंफल्या. ओवेन स्वतः पहिल्या महायुद्धात मारला गेला होता आणि जुनं कॅथेड्रल १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पडलं होतं. या दोन्ही रचनांना ‘मृतांसाठी मिस्सा’ म्हणता येणार नाही. मराठीत एकच प्रतिशब्द घडवायचा हट्ट धरला तर यातलं काहीतरी निसटेल.

वसईकर: हे मला मान्य आहे. म्हणून शब्द ‘रिक्विएम’च ठेवावा आणि खाली त्या त्या रचनेपुरता अर्थ द्यावा. मोझार्टसाठी ‘मृतांच्या चिरविश्रांतीसाठी मिस्सासंगीत’. ब्राम्ससाठी मिस्साचं नाव न घेता ‘मृतांच्या स्मरणार्थ धार्मिक वृंदगान’.

रत्नागिरीकर: तसंच छापतो. ‘लाक्रिमोसा’च्या शेवटच्या ओळीचा अर्थही खाली देईन. आता लिंग काय धरू? कुणी ‘मोझार्टची रिक्विएम’ म्हणतं, कुणी ‘मोझार्टचा’.

वेंगुर्लेकर: मी नपुंसकलिंगी लिहितो: मोझार्टचं रिक्विएम, व्हेर्दीचं रिक्विएम. गीत, भजन, स्तोत्र यांच्या पंगतीत ते सहज बसतं. ‘रिक्विअम’ असंही लिहिलेलं दिसतं, पण तुम्ही लॅटिन संहिता गाणार आहात, तेव्हा ‘ए’ ठेवा. गाताना तो स्वर स्पष्ट लागतो.