वलयं मोजून भागत नाही का? (पिन्सापो फर)

निवांत_मास्तर : मुलीकडे स्पेनमध्ये मालागाला आलोय. सिएरा दे लास निएवेसच्या डोंगरात पिन्सापो (तिथलं सूचिपर्णी फर झाड) पाहिले. खालच्या उतारावर कितीतरी झाडांचे नुसते सांगाडे उभे. गाईड 'दुष्काळ' म्हणाला आणि पुढे निघाला. जन्मभर बॉटनी शिकवली, तरी एक कळत नाही : दुष्काळ ओळखायला खोडातल्या वार्षिक वलयांची जाडी पुरते, मग त्यातल्या पेशी कशाला मोजायच्या?

राळ_लागलेली : सर, तीन वर्षं मी हेच करतेय. त्या वर्षी झाडाचं पोट भरलं की नाही, एवढंच जाडी सांगते. उपास कधी घडला आणि पाणी किती चढलं, ते पेशींत दिसतं. फरला सागासारख्या मोठ्या नळ्या नाहीत, सगळं पाणी ट्रॅकीडमधून, म्हणजे लाकडातल्या लांबट, अरुंद पेशींमधून. अशी पेशी वाढताना पाण्याच्या दाबाने फुगते. वसंतातच माती कोरडी असेल तर वलयाच्या सुरुवातीच्या पेशी बारीक राहतात. पाण्याची ओढ नंतर लागली तर फटका शेवटच्या जाड भिंतींच्या पेशींना. शिवाय प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. पेशीची पोकळी निम्मी, तर पाणी सोळावा हिस्सा!

१९९५ च्या दुष्काळाचं वलय तर बघवत नाही. खोडात भोक पाडून काढलेला लाकडाचा नमुना पेन्सिलीएवढा, त्याचा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला १५ मायक्रॉनचा काप काढायचा, आणि नेमक्या त्याच वलयात पेशींच्या पाचसहाच ओळी. माझे पहिले चार काप तिथेच फाटले. मग कॉर्नफ्लोर, पाणी आणि ग्लिसरीन कालवून वर लावायला शिकले (हो, कॉर्नफ्लोर!), तेव्हा भिंती शाबूत राहिल्या.

सागवान७१ : म्हणजे बारीक पेशीवाली झाडं मेली, असंच ना?

राळ_लागलेली : इतकं सरळ असतं तर माझा प्रबंध कधीच संपला असता. रुंद पोकळी पाणी भरपूर देते, पण भिंत पातळ असेल तर कडक दुष्काळात दगाही देते. म्हणून एकाच उतारावरचं मेलेलं आणि शेजारचं जिवंत, अशी जोडी लावून बघतो. त्यात मुळं कुजवणारी बुरशीही असते, सगळं खापर पावसावर फोडता येत नाही.

निवांत_मास्तर : एखादी वाळकी फांदी आणून बघू का?

राळ_लागलेली : नको सर, ते राष्ट्रीय उद्यान आहे, परवानगी लागते. घरी पाइनच्या फळीचं टोक ब्लेडने तासा आणि भिंग लावा. वलयांत बारीक ठिपके दिसतील, त्या राळेच्या नळ्या. पिन्सापोत त्या एरवी नसतात, जखम झाली तरच येतात.