विषय: महिन्याला ७५० डॉलर खर्च, ट्रॅव्हल कार्ड घ्यावं का?

नमस्कार मंडळी,
आम्ही दोघं रिटायर्ड, एडिसनला राहतो, वर्षातून एकदा पुण्याला चक्कर असते. घराचं कर्ज फिटलंय, त्यामुळे कार्डावर जातं ते किराणा, गॅस, फोन आणि कधीमधी बाहेरचा डोसा, महिन्याला साडेसातशेच्या वर नाही. मुलगा मागे लागलाय की बाबा ट्रॅव्हल कार्ड घ्या, तिकीट फुकट पडतं. एवढ्याशा खर्चात खरंच काही हाती लागतं का? गेल्या वर्षी लक्ष्मी रोडला साड्या घेतल्या तर नेहमीच्या कार्डाने वर ३ टक्के फॉरिन फी लावली, हिचं त्यावरून ऐकवणं अजून चालूच आहे.
– लायब्ररीवाले काका

काका, डोळे झाकून कॅपिटल वनचं व्हेंचर घ्या. डॉलरला २ माइल्स, म्हणजे प्रवासाचे पॉइंट्स, शिवाय ७५,००० बोनस, आणि ते माइल्स एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या पॉइंट्सच्या योजनेत टाकून एअर इंडियाचं तिकीटसुद्धा निघतं. ९५ डॉलर फी आहे पण ती कुठच्या कुठे वसूल होते.
– ढोल पथक

काका, डोळे उघडे ठेवा :) पथकवाल्यांचा खर्च वेगळा, तुमचा वेगळा. वर्षाचे तुमचे ९,००० धरू. व्हेंचरवर १८,००० माइल्स, त्याच बँकेच्या बिनफीच्या व्हेंचरवनवर डॉलरला सव्वा, म्हणजे ११,२५०. फरक ६,७५० माइल्सचा, तिकिटाच्या बिलातून वजा केले तर साडेसदुसष्ट डॉलर, आणि त्यासाठी ९५ मोजायचे! वर्षाला पावणेतेरा हजाराच्या आसपास खर्च असेल तेव्हा कुठे ती फी भरून निघते. आणि ७५,००० काही असेच मिळत नाहीत, ३ महिन्यांत ४,००० खर्च करायला लागतात, तुमचे होतात २,२५०. बोनससाठी नको ते विकत घेत बसाल, आमच्याकडे त्यापायी आलेला एअर फ्रायर अजून खोक्यात आहे.

व्हेंचरवनला ५०० खर्चावर २०,००० मिळतात, म्हणजे २०० डॉलर. काकूंनी बँक ऑफ अमेरिकाचं ट्रॅव्हल रिवॉर्ड्स स्वतःच्या नावावर घ्यावं, तुमच्या कार्डावर ॲड होऊ नये, तरच त्यांचा बोनस वेगळा मिळतो: ९० दिवसांत १,००० खर्च, २५,००० पॉइंट्स, म्हणजे अडीचशे. दोन्हींना वार्षिक फी नाही, फॉरिन फी नाही, साड्यांचा प्रश्न मिटला. ऑफर बदलत असतात, अर्ज करायच्या दिवशी साइटवर बघून घ्या. आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं, नाहीतर सगळे पॉइंट्स व्याजात जातील.

दुकानात मशीनने डॉलर की रुपये विचारलं तर रुपयेच दाबा, डॉलर दाबलं की रेट त्यांच्या मर्जीचा. भाजीवाल्याकडे मात्र यूपीआयच, तिथे कुठलंच कार्ड चालत नाही.

एक गोष्ट राहिली, डिसेंबरची तिकिटं काढायची असतील तर थांबा! दोघांची मिळून तीनेक हजार होतील, ती नव्या कार्डावर टाकली तर ४,००० आपोआप होतात, मग व्हेंचरच घ्या, बोनस घ्या आणि दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या आत बँकेला फोन करून कार्ड बिनफीचं करून घ्या.
– खजिनदार ताई

ताई, तिकिटं गेल्याच आठवड्यात काढली हो. डेबिट कार्डावर.
– ला. काका

अरेरे!! बरं, मग आता व्हेंचरवन आणि काकूंचं ते दुसरं, एवढंच. पुढच्या वर्षी तिकिटांआधी व्हेंचर काकूंच्या नावावर.
– ख. ताई

म्हणजे शेवटी व्हेंचरच ना? मी काय म्हणत होतो!
– ढोल पथक

हिला सगळे मेल वाचून दाखवले. म्हणते, कार्ड माझ्या नावावर तर साड्या पण माझ्या मर्जीच्या.
– ला. काका