चाचणी म्हणते मी 'ऐकून शिकणारी'. मग नोट्स काढणं सोडू का?

अर्धवट_वही
नमस्कार. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र. गेल्या सेमिस्टरला वह्याच्या वह्या भरल्या, हायलायटरने पानं रंगवली, आणि पेपर हातात आला की डोकं कोरं. मैत्रिणीने एक ऑनलाइन चाचणी पाठवली. तिच्यात मी 'श्रवण' गटात निघाले, म्हणजे ऐकून शिकणारी. या चाचण्यांवर कितपत विश्वास ठेवायचा? आणि आपल्याला अभ्यासाची कोणती पद्धत मानवते हे ओळखायचं कसं?

अटी आधीच सांगते. रोज दोन तास मिळतात, त्याहून जास्त नाही. पैसे खर्च करायचे नाहीत, नवीन काही विकत घ्यायचं नाही.

शाई_आणि_स्टायलस
तुमची चाचणी बहुतेक व्हार्क असणार. दृश्य, श्रवण, वाचन-लेखन आणि कृती असे चार प्रकार. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये ती तयार केली. मी पक्का दृश्यवाला. टॅबलेट घेतला, स्टायलस घेतला, सगळे विषय माइंड मॅपमध्ये बसवले आणि वर्गात पहिल्या पाचात आलो. तुम्हीही एक मध्यम आकाराचा टॅबलेट घ्याच. आधी महाग वाटेल, पण वसूल होतो.

खडूस_काका
विकत घ्यायचं नाही असं तिने स्पष्ट लिहिलंय की हो.
बाकी हे श्रवण-दृश्य वगैरे आमच्या वेळी नव्हतं. पाठ करायचं, लिहून काढायचं, चुकलं की पुन्हा लिहायचं. झाला अभ्यास. बाळा, चाचण्या देण्यात जेवढा वेळ घालवलास तेवढ्यात एक धडा झाला असता.

मेंदूचा_हिशोब
मानसशास्त्रात एमए करतेय, म्हणून थोडं सविस्तर.

अशा चाचण्यांचं पीक फार मोठं आहे. २००४ मध्ये कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी शिकण्याच्या शैलींची ७१ मॉडेलं मोजली होती. आता खरा प्रश्न. 'श्रवण'वाल्याला ऐकवून शिकवलं तर त्याला जास्त येतं का? हे सिद्ध करायचं तर 'श्रवण' आणि 'दृश्य' अशा दोन्ही गटांतल्या मुलांना दोन्ही पद्धतींनी शिकवायला हवं, परीक्षा सगळ्यांची एकच घ्यायला हवी, आणि ज्याची जी शैली त्याला त्याच पद्धतीने जास्त गुण पडायला हवेत. पॅश्लर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्योर्क यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन या कसोटीवर तपासलं. शैलीनुसार शिकवावं असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही.

आवडनिवड असते, ती कुणी नाकारत नाही. पण आवडतं म्हणून लक्षात राहतं, असं नाही.

शाई_आणि_स्टायलस
संशोधन काहीही म्हणो, माझे मार्क खोटे आहेत का? आणि व्हार्कमध्ये मिश्र गटही असतो. ते टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

मेंदूचा_हिशोब
मार्क खरेच आहेत. पण माइंड मॅप बनवताना तुम्ही धडा बंद करून आठवून काढता की समोर ठेवून उतरवता?

शाई_आणि_स्टायलस
आधी आठवून, मग राहिलेलं बघून. का?

मेंदूचा_हिशोब
मग काम त्या आठवण्याने केलंय.

निशाचर
पद्धत वगैरे नंतर, आधी वेळ ओळखा. मी रात्री बारानंतरच अभ्यास करतो, तेव्हाच डोकं चालतं.

भल्या_पहाटे
रात्री जागून केलेलं सकाळी आठवत नाही हो. पहाटेसारखी वेळ नाही.

निशाचर
तुम्हाला नसेल आठवत.

खडूस_काका
दोघेही झोपा. झोप मोडून केलेला अभ्यास टिकत नाही हे आम्हालाही माहीत होतं, संशोधन न वाचता.

कोरा_कागद
मेंदूचा_हिशोब यांना अनुमोदन. ओळखायची पद्धत सांगतो, फुकट आहे. एकसारख्या वजनाचे दोन टॉपिक घ्या. एक तुमच्या नेहमीच्या पद्धतीने करा: वाचा, रंगवा, पुन्हा वाचा. दुसरा एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. दोन्हींना वेळ सारखाच द्या. आठवडाभर हात लावू नका, मग दोन्हींवर जुन्या पेपरातले प्रश्न सोडवा. लगेच तपासलंत तर फसाल. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून बघणारे पुढे गेले. गंमत म्हणजे जास्त लक्षात राहील असा भरवसा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

कोऱ्या कागदावर काय होतं त्याचा नमुना. एसएन१ आणि एसएन२ या सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या दोन अभिक्रिया वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. कागद समोर आला की एसएन१ चा कार्बोकॅटायन (धन प्रभाराचा कार्बन) काढता येतो, एसएन२ मध्ये इलेक्ट्रॉन कुठे जातात ते दाखवणारा बाण मात्र भलत्याच बाजूने येतो. न्यूक्लिओफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा कण, मागून येतो आणि रचना उलटते, हे डोळ्यांखालून कितीदा गेलेलं असतं, पण हाताला माहीत नसतं. ती जागा लाल पेनाने दुरुस्त करायची आणि उद्या पुन्हा त्या बाणापासूनच सुरुवात.

कार्ड_कारखाना
+१. आठवून बघणं महत्त्वाचं. सगळ्यांनी सांगितलंच आहे, तरी मीही सांगते. अँकी वापरा, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं बनवायचं ॲप, संगणकावर फुकट आहे. माझी हजारो कार्डं आहेत, वर्गातले सगळे मागतात, मी देत नाही. कार्ड स्वतः बनवलं तरच उपयोग.

हायलायटर_विरोधी
अर्धवट_वही, तुमच्या रंगरंगोटीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाच्या गटात, स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं वरच्या गटात. मी एका ॲपचं वर्षभराचं सदस्यत्व घेऊन बसलोय, त्यात 'तुमच्या शैलीनुसार' धडे येतात. शैली दर महिन्याला बदलते, माझी नाही, ॲपच्या मते. पैसे परत मागितले तर उत्तर नाही.

भल्या_पहाटे
हाताने लिहा, टाइप करू नका. २०१४ चा अभ्यास आहे, लॅपटॉपवाले मागे पडतात.

मेंदूचा_हिशोब
म्युलर आणि ओपनहायमर यांचा. पण २०१९ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका ठाम निघाला नाही. लॅपटॉपवर माणूस शब्दन्‌शब्द उतरवत सुटतो, अडचण तिथे आहे असं त्यांचं मूळ म्हणणं.

शाई_आणि_स्टायलस
स्टायलसने हातानेच लिहितात, नोंद घ्यावी.

अर्धवट_वही
सगळ्यांचे आभार. एक शंका: संख्याशास्त्राचं काय? तिथे आठवून लिहिण्यासारखं फारसं नसतं, गणितं असतात.

कोरा_कागद
तिथे प्रकार मिसळून सोडवा. एकाच प्रकरणाची वीस गणितं ओळीने सोडवली की कुठलं सूत्र लावायचं हे शीर्षकच सांगतं. पेपरात शीर्षक नसतं. टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, रिग्रेशन सगळ्यांतलं एकेक काढा आणि आधी फक्त 'इथे काय लागेल' एवढंच ठरवा.

कार्ड_कारखाना
त्याचीही कार्डं होतात.

अर्धवट_वही
ठरवलं. कार्डं नकोत, ती बनवण्यातच माझे दोन तास जातील. कोरा कागदही रोज जमणार नाही. संख्याशास्त्राची गणितं मात्र मिसळूनच करणार. रसायनशास्त्रासाठी मी फोनवर स्वतःच्या आवाजात नुसते प्रश्न रेकॉर्ड करणार, प्रत्येकानंतर थोडी शांतता ठेवणार, आणि चालता चालता उत्तर मोठ्याने देणार. चाचणी चुकीची असेल, पण मला ऐकायला आवडतं आणि कंटाळा आला नाही तरच मी रोज करेन.

मेंदूचा_हिशोब
प्रश्नांनंतरची ती शांतता मात्र गाळू नका. रचना आणि बाण तोंडी होणार नाहीत, ते आठवड्यातून एकदा तरी काढाच.

खडूस_काका
रस्त्यात एकटीच बोलत जाणार का?

अर्धवट_वही
हो. कानात इअरफोन असले की लोकांना फोनच वाटतो.

नवा_सभासद
सगळा धागा वाचला नाही. धाकटा भाऊ अकरावीत आहे, तो कुठल्या प्रकारचा आहे हे कुठल्या चाचणीने कळेल?