मदत हवी आहे: बोंडअळीवरून नैसर्गिक निवड शिकवायची आहे, दाण्यांचा खेळ अडलाय

दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' शिकवतोय. गाव कापसाचं, त्यामुळे उदाहरण वावरातलंच घेतलं: गुलाबी बोंडअळी. बीटी कापूस (ज्याच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं) 2002 मध्ये आला, दोन जनुकांचा 2006 मध्ये, तरी अळी आहेच. पोरांचं घरून आलेलं उत्तर एकच, "अळीले सवय झाली, सर." एकेका अळीला सवय होत नाही, विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या आधीपासून असतात आणि त्याच वाचून पिल्लावळ वाढवतात, हे ज्वारी-तुरीच्या दाण्यांनी दाखवलं. ज्वारी म्हणजे साधी अळी, ती मरते; तूर म्हणजे विष पचवणारी, ती वाचते; उरलेले दाणे दुप्पट करायचे. एवढं चटकन पटलं.

अडलं ते धुऱ्यावरच्या नॉन-बीटी (विष नसलेल्या साध्या कापसाच्या) ओळींपाशी. (त्या बियाण्याचं वेगळं पाकीट मिळायचं तेव्हा ते बहुतेकांच्या घरी तसंच पडलेलं असायचं!) तिथले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात, प्रतिकार अप्रभावी असल्यानं मिश्र संतती बीटीवर मरते. म्हणून आता एका अळीला दोन दाणे (जनुकाच्या दोन प्रती) दिले, तूर-तूर जोडीच वाचेल. पण तूर कमी ठेवली तर जोडी जमतच नाही आणि जास्त ठेवली तर पहिल्याच फेरीत सगळी तूर.

मेंडेल झालाय. तास 40 मिनिटांचा, पोरं तीसेक, प्रोजेक्टर नाही, जिवंत अळ्या वर्गात आणायच्या नाहीत. व्हिडिओ नको, हातानं करायचं हवं.

चार-पाच फेऱ्यांत ओळी असलेल्या आणि नसलेल्या वावरातला फरक दिसावा, तर सुरुवातीला तूर-ज्वारीचं प्रमाण किती ठेवू, आणि दर फेरीला नॉन-बीटीतून किती दाणे मिसळू?