निराकरण योजनेत पुरवठादाराला नगण्य रक्कम: न्यायाधिकरण ती वाढवू शकते का?

प्रश्न:
आमचा पॅकिंग साहित्याचा लहान कारखाना आहे. ज्या कंपनीला आम्ही अनेक वर्षे माल पुरवला, तिच्यावर नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 खाली कार्यवाही चालू आहे. आमचा 38 लाख रुपयांचा दावा पूर्ण मान्य झाला. परंतु बँकांच्या समितीने (धनको समितीने) मंजूर केलेल्या निराकरण योजनेत, म्हणजे कंपनी सावरण्याच्या व देणी चुकवण्याच्या योजनेत, आमच्या नावापुढे केवळ 1 लाख 10 हजार रुपये दाखवले आहेत. योजना आता एनसीएलटीसमोर (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर) मंजुरीसाठी आहे. ही रक्कम अन्यायकारक आहे, एवढ्या कारणावर न्यायाधिकरण ती वाढवून देईल का? आणि उरलेल्या रकमेसाठी नंतर दावा लावता येईल का?

पहिला प्रतिसाद:
आपली व्यथा समजते, पण केवळ रक्कम कमी आहे म्हणून न्यायाधिकरण ती वाढवत नाही. धनको समितीने किमान 66 टक्के मतांनी घेतलेला व्यावसायिक निर्णय योग्य की अयोग्य हे न्यायाधिकरणाने तपासायचे नसून, योजना संहितेच्या कलम 30(2) च्या अटी पाळते की नाही एवढेच पाहायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने के. शशिधर आणि एस्सार स्टील या 2019 मधील दोन निर्णयांत स्पष्ट केले आहे.

आपल्यासारख्या ऑपरेशनल क्रेडिटरसाठी (माल वा सेवा पुरवल्याचे पैसे येणे असलेल्या धनकोसाठी) कायद्याने किमान मर्यादा आखली आहे. कंपनी अवसायनात गेली असती, म्हणजे बंद करून तिची मालमत्ता विकली असती, तर आपल्याला काय मिळाले असते हा एक आकडा, आणि योजनेतील एकूण रक्कम कलम 53 मधील देणी चुकवण्याच्या क्रमाने वाटली असती तर काय मिळाले असते हा दुसरा. यांपैकी जो मोठा, त्यापेक्षा कमी देता येत नाही. आता हिशेब करून पाहा. समजा योजनेची एकूण रक्कम 20 कोटी आहे, अवसायन मूल्य 12 कोटी आहे आणि रांगेत आपल्या पुढे तारणधारक बँकांचे 60 कोटी आहेत. मग दोन्ही आकडे शून्य येतात आणि आपल्याला मिळणारे 1 लाख 10 हजार कायद्याच्या दृष्टीने किमान मर्यादेपेक्षा जास्तच ठरतात. हे वाचून वाईट वाटेल, पण खोट्या आशेवर वकिलाची फी भरण्यापेक्षा हे आधी कळलेले बरे.

दुसरा प्रतिसाद:
वरील उत्तर बरोबर आहे, मात्र त्यावरून मंजुरी हा निव्वळ शिक्का असतो असे कोणी समजू नये. समितीने कंपनी चालू ठेवणे, मालमत्तेचे मूल्य वाढवणे आणि पुरवठादारांसह सर्वांच्या हितांचा तोल सांभाळणे या बाबींचा विचारच केला नसेल, तर योजना फेरविचारासाठी परत पाठवता येते, हेही एस्सारच्या निर्णयातच आहे. म्हणून सुनावणीत ‘रक्कम कमी आहे’ असे म्हणण्याऐवजी दोन्ही आकड्यांचा हिशेब कुठे मांडला आहे, हे विचारावे. शिवाय संहितेखालील निराकरण प्रक्रियेच्या नियम 38 नुसार योजनेतील आपली रक्कम बँकांच्या आधी चुकती करावी लागते. तशी तरतूद आहे का, तेही पाहावे.

उरलेल्या रकमेचे उत्तर कटू आहे. कलम 31 खालील मंजुरी सर्व धनकोंवर बंधनकारक असते, आणि योजनेत नसलेले दावे मंजुरीच्या दिवसापासून संपुष्टात येतात, असे घनश्याम मिश्रा प्रकरणात 2021 मध्ये ठरले. कंपनीविरुद्ध पुन्हा दावा लावता येणार नाही.

तिसरा प्रतिसाद:
एखाद्या संचालकाने आपल्या बिलांसाठी वैयक्तिक हमी दिली होती का, हे मात्र अवश्य तपासा. योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप मुक्त होत नाही, असे ललितकुमार जैन प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. दुसरे म्हणजे, न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची मुदत 30 दिवसांची असून सबळ कारण असल्यास आणखी 15 दिवसच मिळतात, आणि ती निर्णय जाहीर झाल्यापासून मोजली जाते. म्हणून निर्णय होताच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. प्रत आपोआप हाती येईल म्हणून वाट पाहणाऱ्यांची अपिले मुदतीच्या मुद्द्यावरच फेटाळली गेली आहेत.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. आज जुनी फाइल काढली, तर पुरवठा कराराच्या मागे एका संचालकाच्या सहीचे एक पान टाचलेले सापडले. ते हमीपत्र आहे की नुसते शिफारसपत्र, हे वकिलांकडून तपासून घेतो, आणि दोन्ही आकड्यांचा हिशेब रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (ही प्रक्रिया चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) लेखी मागतो.