मदत हवी आहे: बदामाच्या पिठाचा लिंबू केक मधोमध बसतो, तळ चिकट राहतो

घरात कुठलंच धान्य चालत नाही. मैदा, रवा, तांदूळपिठी, कॉर्नफ्लोअर, सगळं बंद. बेकिंग पावडरमध्येही बहुतेकदा कॉर्नस्टार्च असतो, म्हणून फक्त खायचा सोडा वापरते. अंडी, लोणी, साखर चालतात.

प्रमाण: बदाम पीठ २०० ग्रॅम, अंडी ३, साखर १२० ग्रॅम, वितळलेलं लोणी ६० ग्रॅम, लिंबाचा रस ४५ मिली, ३ लिंबांची किसलेली साल, सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ. ओटीजी, ७ इंची टिन, मधला रॅक, १७० अंशांवर ३५ मिनिटं.

केक छान फुगतो, बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत मध्यभागी खड्डा. कापला की वर जाळी सुरेख, पण खालचं बोटभर ओल्या खव्यासारखं. सुरी मात्र कोरडी निघते!

करून पाहिलं: १६० अंशांवर ५० मिनिटं (कडा करपल्या), बदाम साल काढून घरी दळले (तेल सुटलं, आणखी जड झाला), रस ३० मिली केला (तळ सुधारला, पण आंबटपणा गेला). मंडईतली कागदी लिंबं घेते. साल इतकी पातळ की जरा जास्त किसलं की कडवट लागतं, म्हणून सालीवर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

माझा संशय असा की रस पडताच सोडा फसफसतो आणि ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. मग पांढरं वेगळं फेटून शेवटी मिसळावं, की २०० पैकी ३० ग्रॅम शिंगाड्याचं पीठ घालावं? आणि शिंगाडा घातला तर रस ४५ मिलीच ठेवता येईल का?