‘एन्व्ही’ वाक्यात कसा बसवायचा? एन्व्हियस, एन्व्हिएबल आणि जेलस यांत फरक काय?

संत्रानगरी_अभ्यासू
नमस्कार. स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी लेखनाची तयारी सुरू आहे. ‘हेवा’साठी ‘एन्व्ही’ वापरताना दरवेळी अडतं. ‘आय ॲम एन्व्हिंग यू’ बरोबर की ‘आय एन्व्ही फ्रॉम यू’? आणि अर्जात ‘ॲन एन्व्हियस रेकॉर्ड’ चालेल का?

धरमपेठ_व्याकरण
दोन्ही वाक्यं चूक. पहिली चूक आपल्या बोलीतून येते. इकडे ‘मला हेवा वाटून राहिला’ म्हणतात, ते तसंच इंग्रजीत नेलं की ‘एन्व्हिंग’ होतं. पण हे मनाची स्थिती सांगणारं क्रियापद आहे, ‘नो’ (माहीत असणं) आणि ‘बिलीव्ह’सारखं. चालू काळात ते सहसा येत नाही.

दुसरी चूक ‘तिचा हेवा’ मधल्या ‘चा’मुळे. त्या ‘चा’साठी लोक ‘ऑफ’ नाहीतर ‘फ्रॉम’ शोधतात. क्रियापदाला यातलं काहीच लागत नाही: ‘आय एन्व्ही हर’. हेवा कशाचा तेही सांगायचं असेल तर ते लगेच पुढे ठेवा: ‘आय एन्व्ही यू युअर पेशन्स’. विचित्र वाटलं तरी हे शुद्ध आहे. ‘ऑफ’ लागतो तो विशेषणाला, ‘आय ॲम एन्व्हियस ऑफ हर’. भूतकाळी रूप लिहिताना शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो, तिथे स्पेलिंग हमखास चुकतं.

महाल_वाचक
‘एन्व्हियस रेकॉर्ड’ अजिबात लिहू नका. एन्व्हियस म्हणजे हेवा करणारा, आणि रेकॉर्ड कुणाचा हेवा करत नाही. ‘हेवा वाटावा असा’ म्हणायचं तर ‘एन्व्हिएबल’. उच्चारात जोर पहिल्या ‘एन’वर, ‘एन्व्हायेबल’ नव्हे. तरी माझं मत, स्वतःच्या अर्जात तोही नको. दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हटला तर शोभतो, आपणच लिहिला की बढाई वाटते.

सीताबर्डी_शब्दप्रेमी
जेलसबद्दल थोडं. दुसऱ्याकडे आहे, माझ्याकडे नाही, म्हणून जीव जळतो ती एन्व्ही. माझं आहे ते दुसरा हिरावून नेईल अशी धास्ती, ती जेलसी. म्हणून बायकोवर संशय घेणारा नवरा ‘जेलस हजबंड’, त्याला ‘एन्व्हियस’ म्हणत नाहीत. बोलताना मात्र इंग्रजही पहिल्या अर्थी सर्रास जेलस म्हणतात. मित्राला नोकरी लागली की ‘आय ॲम सो जेलस!’ हे कौतुकच असतं. परीक्षेत फरक पाळा. ‘जेलस ऑन’ किंवा ‘जेलस फ्रॉम’ नाही, इथेही ‘ऑफ’च.

संत्रानगरी_अभ्यासू
खूप आभार. ‘द एन्व्ही ऑफ’ असंही वाचलंय, ते काय?

धरमपेठ_व्याकरण
तिथे एन्व्ही नाम आहे, आणि अर्थ हेवा नव्हे तर ज्याचा हेवा वाटतो ती गोष्ट. काटोलच्या एखाद्या बागायतदाराबद्दल ‘हिज ऑर्चर्ड इज द एन्व्ही ऑफ द व्हिलेज’, म्हणजे त्याची बाग साऱ्या गावाच्या डोळ्यांत भरते. ‘द’ विसरू नका, आणि ‘एन्व्हीज’ असं अनेकवचन करू नका. बागा दहा असल्या तरी ‘आर द एन्व्ही ऑफ’च राहतं.